कडी नसलेलं दार

डोंबिवली पूर्व
४ सप्टेंबर २०२५

श्रीमती चांगुणाबाई भोईर यांस,
नमस्कार.

"दादा, ही पोर माझ्या घरची. तू फक्त वाढव." एकोणतीस वर्षांपूर्वी खडवलीला, शीलाच्या बारशाला, तुम्ही तुमच्या भावाला असं म्हणाला होतात. आत्या म्हणून तिचं नाव तुम्हीच तिच्या कानात सांगितलंत आणि पाळणा हलवता हलवता तिला आपल्या मुलासाठी, संदेशसाठी, मागूनही घेतलंत. हे मला शीलाने सांगितलं. तिच्या आईने तिला सांगितलेलं.

मी सुमेधा साठे. शीला ज्या तुरुंगात आहे, तिथे आईबरोबर राहणाऱ्या मुलांसाठी आमची संस्था बालवाडी चालवते. आठवड्यातले तीन दिवस मी आत जाते. सध्या सात मुलं आहेत. त्यांतली सगळ्यांत मोठी सान्वी. तुमच्या संदेशची मुलगी.

तुम्हाला मी तीनदा फोन केला. दोनदा तुम्ही "राँग नंबर" म्हणालात, तिसऱ्यांदा काहीच न बोलता ठेवलात. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र निदान हातात घ्यावं लागतं.

सान्वी २२ नोव्हेंबरला सहा वर्षांची होईल. नियमाप्रमाणे त्यानंतर तिला आईजवळ आत राहता येत नाही. जवळचा नातेवाईक न्यायला तयार असेल तर त्याच्याकडे, नाहीतर बालगृहात. शीलाची शिक्षा अजून चार वर्षं आहे. तिचे आईवडील आता नाहीत. म्हणजे तुम्हीच उरता, आणि तुमच्याकडे हे मागणं किती अवघड आहे ते मला कळतं. तुमचा मुलगा गेला आहे, आणि ज्या बाईमुळे गेला तिचीच मुलगी सांभाळा, असं मी म्हणते आहे.

तरी म्हणते आहे. कारण ती मुलगी त्याचीही आहे.

एकदा भेटायला येऊ का?

आपली,
सुमेधा साठे


मोहने
१३ सप्टेंबर

सुमेधा बाईंना,

तुमची चिठ्ठी मिळाली. पोस्टमनने वाचून दाखवू का विचारलं. मी सातवी शिकले आहे, वाचता येतं. लिहिताही येतं, म्हणून लिहिते, नाहीतर तुम्ही परत लिहाल.

बारशाला मी काय बोलले ते मला माहीत आहे. ते तुम्ही कशाला बोलता? तुम्ही होतात का तिथे? मागून घेतली म्हणूनच हे भोगते आहे. माझा एकच पोरगा होता.

ती पोटुशी होती ते मला माहीत होतं. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही आणि मला कोणी सांगायचं नाही.

तुम्हाला एवढा कळवळा आहे तर तुमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटात न्या की तिला. जागा नाही म्हणून सांगाल.

भेटायला येऊ नका. चाळीत लोक विचारतात.

चां. भोईर


डोंबिवली
१७ सप्टेंबर

चांगुणामावशी,

बारशाचं वाक्य वापरायला नको होतं. चुकलं. शीलालाही न विचारता लिहिलं मी ते.

तुम्ही मला घरी न्यायला सांगितलंत, त्याचं खरं उत्तर देते. माझ्या घरात जागा आहे. मुलगी शिकायला बाहेर असते, तिची खोली रिकामी आहे. बालवाडी चालवणाऱ्यांनी आतलं मूल घरी न्यायचं नाही, असा आमच्या संस्थेचा नियम आहे. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हायसं वाटलं, आणि मग स्वतःची लाज वाटली. तेव्हा तुमचा टोमणा बरोबर जागी लागला. पण माझी लाज सान्वीच्या कामाची नाही. म्हणून तुम्हाला पुन्हा लिहिते आहे.

मी कोर्टाचा निकालही वाचला आहे. शीलाला मार बसत होता, असं तिच्या वकिलांचं म्हणणं होतं. दार उघडं होतं, तिला बाहेर पडता आलं असतं, अशी तुमची साक्ष होती. बाहेर पडता येत असताना तिने वरवंटा उचलला, म्हणून दहा वर्षं. त्यावर मी काही बोलत नाही. मी फक्त सान्वीबद्दल सांगते.

ती बाहेर फक्त लस टोचून घ्यायला गेली आहे, जाळीच्या गाडीतून. परत आली की "मला कुत्रा दिसला" असं आठवडाभर सांगते. पुरुष दिसला की त्याला साहेब म्हणते, मग तो नळ दुरुस्त करणारा का असेना. चिंध्यांच्या सहा बाहुल्या आहेत तिच्याकडे. त्यांना ओळीत बसवून ती संध्याकाळी मोजते आणि एक पाठीमागे लपवून ओरडते, "एक कम है, मॅडम, एक कम है." मग स्वतःच हसते.

आणि बालवाडीच्या खोलीचं दार उघडं असलं तरी ती उंबऱ्याशी थांबते. कोणीतरी "जा" म्हणेपर्यंत. मी म्हटलं, "अगं उघडंच आहे." तर म्हणाली, "पण कोणी उघडलं नाही ना."

हे मी तुम्हाला पाझर फुटावा म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडं तसंही आहे. पण मुख्य म्हणजे, पाच-सहा वर्षांचं मूल अजून उंबरा ओलांडायला शिकतं. दहाव्या वर्षी अवघड जातं.

सुमेधा


मोहने
६ ऑक्टोबर

सुमेधाबाई,

मला मावशी म्हणू नका. तुमच्या आईला बहीण नव्हती का?

दसरा झाला. उत्तर द्यायचं नव्हतं. शहाडच्या खानावळीसाठी रोज ऐंशी भाकऱ्या थापते, सकाळी चारला उठते, मला वेळ नाही.

एक विचारते. ती कोणावर गेली आहे? आणि जेवते कुठल्या हाताने? संदेश डावरा होता. शाळेत मास्तर हातावर मारायचे, तरी डाव्यानेच लिहायचा.

तिचं बारसं कोणी केलं? संदेशला बहीण नव्हती. आत्या कोण झालं?

हे विचारलं म्हणजे मी हो म्हटलं असं समजू नका.

चांगुणा


डोंबिवली
१० ऑक्टोबर

चांगुणाबाई,

माझ्या आईला दोन बहिणी होत्या. दोघी तुमच्यासारख्याच बोलायच्या, म्हणून तोंडात आलं.

सान्वी डावरी आहे. चमचा, खडू, दगड मारणं, सगळं डाव्या हाताने. तिला कोणी मारलेलं नाही त्याबद्दल. रंग शीलाचा आहे, पण कपाळ आणि भुवया शीलाच्या नाहीत. संदेशचा फोटो मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं तुम्हीच बघायला हवं.

बारसं बराकीत झालं. साडीची झोळी बांधली, रव्याचा शिरा कोणीतरी कँटीनमधून मिळवला. आत्या कोण होणार यावर बायकांची भांडणं झाली म्हणे. जिला तिला व्हायचं होतं. शेवटी सोनल नावाच्या शिपाईबाईंनी गणवेशातच कानात नाव सांगितलं आणि बाकीच्यांनी त्यांच्या पाठीत बुक्के मारले. आतल्या बायकांना शिपाईबाईंना मारायला मिळालं, असा तो एकच दिवस.

तुमच्याबद्दल शीलाशी बोलले. ती म्हणाली, "आत्याच्या हातची भाकरी खाईल म्हणजे." मी विचारलं, हे हो आहे की नाही? ती म्हणाली, "हो. पण आत्या मुलाकातीला आली तर मी खिडकीवर येणार नाही. सान्वीला तुम्ही आणा, आत्याला नको." मी कारण विचारलं, तर म्हणाली, "ती कोर्टात बोलली ना जे बोलायचं ते. मी तेव्हाही काही बोलले नाही. आता समोर बसून काय बोलू?"

ती तुमच्याविरुद्ध कधी वाईट बोलत नाही. मला ते आधी बरं वाटायचं. आता नक्की काय वाटतं ते सांगता येत नाही.

मी १९ तारखेला, रविवारी, सकाळी अकराला येते आहे. दार उघडलं नाहीत तर परत जाईन. चाळीत कोणी विचारलं तर विम्याची बाई आली होती म्हणून सांगा. मी तशी दिसते, असं माझा नवरा म्हणतो.

सुमेधा


डोंबिवली
२४ ऑक्टोबर

चांगुणाबाई,

दार उघडलंत, चहा दिलात, आणि जाताना चार भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्यात. "तिला द्या" म्हणालात, नाव घेतलं नाहीत. बाहेरचं अन्न आत नेता येत नाही, हे तेव्हा सांगायला जीभ वळली नाही. त्या आम्ही खाल्ल्या. आज कबूल करते.

त्या दिवशी तुम्ही हो म्हणालात, ते मी तुरुंगाच्या कार्यालयात लेखी कळवलं आहे. आता बालकल्याण समितीकडून घराची चौकशी होईल. त्या बाई काय पाहतात ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. पाणी, संडास, झोपायची जागा, सगळं ठीक आहे. एकच गोष्ट राहिली आहे. आतल्या खोलीच्या दाराला कडी नाही. चौकटीवर बाहेरच्या बाजूने चार भोकं दिसली, साबण भरून बुजवलेली, आणि दार चिंधीने बांधलेलं. मुलगी त्या खोलीत झोपणार, तुम्ही पहाटे बाहेरच्या खोलीत चुलीपाशी असणार, दार वाऱ्याने आपटत राहणार. एक साधी कडी लावून घ्या. मी सुतार पाठवते, माझ्या ओळखीचा आहे. अर्ध्या तासाचं काम.

बाकी काळजी करू नका.

सुमेधा


मोहने
२८ ऑक्टोबर

सुमेधाबाई,

तुमचा सुतार काल आला. मी त्याला पायरीवरूनच परत पाठवला. तो म्हणाला, "आजी, बाईंनी सांगितलंय." मी म्हटलं, "बाईंच्या घराला लाव जा."

त्या दाराला कडी बसणार नाही. पोलीस पंचनामा करून गेले, त्याच दिवशी मी ती हाताने उपटली आहे. स्क्रू निघत नव्हता तर उलथन्याने काढला. इतकी वर्षं दार तसंच आहे आणि मी मरेपर्यंत तसंच राहील.

त्याच्यावाचून होत नसेल तर पोरीला तुमच्या बालगृहात टाका. मी समजेन की नशिबात नव्हतं. पण कडी नाही.

कारण विचारू नका.

चांगुणा


डोंबिवली
४ नोव्हेंबर

चांगुणाबाई,

कारण विचारत नाही.

चौकशीच्या बाई गेल्या आठवड्यात येऊन गेल्या हे कळलं. दाराबद्दल त्यांना मी आधीच सांगितलं होतं, की मुलीला बंद दारांची सवय आहे, तेव्हा एक दार कायम उघडं असलेलं तिच्या भल्याचंच आहे. हे मी तुमची बाजू सावरायला म्हटलं, पण म्हटल्यावर मलाच पटलं. त्यांनी तसं लिहून घेतलं. समितीची मंजुरी आली आहे.

२१ तारखेला, शुक्रवारी, सकाळी दहाला मी सान्वीला घेऊन तुमच्याकडे येते. तुरुंगाच्या फाटकाशी तुम्ही येऊ नका, शीलाला ते नको आहे. मी त्यावर तिच्याशी वाद घातला नाही. त्या सकाळी तिला आणखी काही सोसायला लावायचं नाही, एवढंच ठरवलं आहे.

थोडं सांगून ठेवते. सान्वी शांत असेल, रडणार नाही. त्याने फसू नका. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला ती अस्वस्थ होते, कारण आत तेव्हा गिनती होऊन दारं लागतात. पंखा तिला आवडतो. उंबऱ्याशी थांबली तर "जा" म्हणू नका. तुम्ही आधी बाहेर जा आणि वाट बघा. वेळ लागेल. लागू द्या.

महिन्यातून एकदा मी येऊन तिला मुलाकातीला नेईन. ते माझ्याकडे.

सुमेधा


मोहने
१४ डिसेंबर

सुमेधाबाई,

तुम्ही फोन करता, मी "बरी आहे" सांगून ठेवते. फोनवर मला बोलता येत नाही. म्हणून लिहिते. आज खानावळीला सुट्टी आहे.

पोर बरी आहे. शेजारच्या आर्यनची मांजर तिच्या मागे फिरते. पाव विकणाऱ्याला साहेब म्हणाली, तर तो दोन पाव जास्त देऊन गेला. आता रोज म्हणते. पक्की आहे.

परवा तिने भाकरी थापली. डाव्या हाताने. एका बाजूला जाड, एका बाजूला फाटकी. मी ती खानावळीत पाठवली नाही, मीच खाल्ली.

तुम्ही सांगितलं तसं केलं. रोज मी आधी बाहेर पायरीवर जाऊन बसते, तांदूळ निवडते, तिच्याकडे बघत नाही. पहिले आठ दिवस ती आतच उभी. नवव्या दिवशी एक पाय बाहेर आला. मग मांजर पळाली तर दुसरा पण आला, तिचं तिलाच कळलं नाही.

पण संध्याकाळचं सांगायचं आहे. पहिल्याच दिवशी, साडेपाचला, तिने त्या चिंध्यांच्या बाहुल्या मोजल्या, आतल्या खोलीत चटईवर बसली आणि मला म्हणाली, "आजी, इकडे दार लावायला कोण येतं?" मी म्हटलं, कोणी नाही. तर म्हणाली, "मग आपण झोपायचं कसं?"

सुमेधाबाई, मी बाहेर मोरीत जाऊन उभी राहिले. त्या दिवसापासून ते डोक्यातून जात नाही. आता तुम्हाला कारण सांगते.

दार उघडं नव्हतं. मी लावलं होतं. संदेशचा हात उठायचा. लग्नानंतर दोन महिन्यांतच उठायला लागला. तो मारायला लागला की मी त्या दोघांना आतल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घालायचे. आवाज चाळीत जाऊ नये म्हणून. भावाची पोर आहे, माझा पोरगा आहे, घरातलं घरात मिटेल, असं मला वाटायचं. ती आतून "आत्या, दार उघड" म्हणायची. मी ओटा पुसत राहायचे. त्या दिवशी पण म्हणाली. चार वेळा म्हणाली. पोटात ही होती. मग आवाज बंद झाला तेव्हा मी कडी काढली.

कोर्टात साहेबांनी विचारलं, दार उघडं होतं का? मी म्हटलं, उघडं होतं. पोरगा गेला होता, मला राग होता. आणि बंद होतं म्हटलं असतं तर कोणी लावलं ते सांगावं लागलं असतं. शीला समोर उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. ती बोलली नाही. दादाच्या तोंडाकडे बघून बोलली नसेल, नाहीतर मी आत्या म्हणून. दादाला मी हे कधी सांगितलं नाही. तो गेला.

गुरुवारी मी कल्याणला वल्लरी वकीलबाईंकडे गेले. पोरीला आणलंत तेव्हा तुम्ही दिलेल्या चिठ्ठीवर त्यांचं नाव होतं, शीलाचं अपील त्यांच्याकडे आहे म्हणून. सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, मी वाचून सही केली. खोटी साक्ष दिली म्हणून मला पण आत टाकतील का, विचारलं. म्हणाल्या, "सांगता येत नाही, आजी. विचार करून सही करा." मी म्हटलं, विचार करून आले आहे, सहा वर्षं केला. एकच आहे, मला नेलं तर पोरीला बघायला कोणी पाहिजे. तो तुमचा नियम आहे ना, त्याच्यातून वाट काढून ठेवा. आता हायसं वाटून घेऊ नका.

आता शेवटचं. २३ तारखेला, मंगळवारी, तुम्ही सान्वीला मुलाकातीला न्याल तेव्हा मी पण बरोबर येणार आहे.

मला माफी मागायची नाही, ती मागून काय होणार. पोरीसाठी रडायचं पण नाही. खिडकीच्या अलीकडे बसून मला तिच्या तोंडावर एकदा म्हणायचं आहे की दार बंद होतं आणि मी लावलं होतं. तिला ते माहीत आहे. पण माझ्या तोंडून तिने ते ऐकलेलं नाही. वकिलाच्या कागदातून तिला कळू नये. त्याच्या आधी मला बोलायचं आहे.

तेव्हा तिला विचारा. मंगळवारी आत्या येते आहे, पाच मिनिटं खिडकीवर ये, म्हणावं. ती नाही म्हणेल. मी तिच्या जागी असते तर मी पण आले नसते. तरी तुम्ही विचारा.

चांगुणा